बाइंडवरून एनएसडीकडे जाताना: झोन फाइल तशीच, कॉन्फिगरेशन मात्र हाताने

निपाणीतील आपल्या संस्थेचा नेम सर्व्हर (डोमेन नावांबद्दलच्या प्रश्नांना उत्तरे देणारा सर्व्हर) बाइंड या प्रोग्रामवरून एनएसडी या प्रोग्रामवर न्यायचा आहे आणि कॉन्फिगरेशन आपोआप बदलून देणारी स्क्रिप्ट आहे का, असे आपण विचारले आहे. आपल्याकडे बाराच झोन, म्हणजे एकेका डोमेनच्या नोंदींचे संच, आहेत, त्यामुळे ते हातानेच लिहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

झोन फाइलची फारशी चिंता नको. तिचे स्वरूप १९८७ च्या आरएफसी १०३५ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात ठरलेले असून दोन्ही प्रोग्राम तेच वाचतात. फाइलमध्ये डॉलर-जनरेटच्या, म्हणजे एकीतून अनेक नोंदी तयार करणाऱ्या, ओळी असतील तर त्या एनएसडीला कळत नाहीत. बाइंडसोबत येणाऱ्या नेम्ड-कंपाइलझोनने त्या आधी उलगडून घ्याव्यात. आपल्या भागात एकाच संस्थेची देवनागरी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत डोमेन नावे असू शकतात. ती फाइलमध्ये प्युनीकोडमध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांत व अंकांत बदललेल्या रूपात, असतात आणि तशीच ठेवावीत.

खरी अडचण बाइंड न सांगता जी कामे करतो, त्यांत आहे. खानापुरातील एका पतसंस्थेचे काम करताना मला हे कळले. जुन्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये अलाउ-ट्रान्सफर, म्हणजे झोनची प्रत कोणाला द्यायची ते, लिहिलेलेच नव्हते, पण बाइंडच्या ९.२० पूर्वीच्या आवृत्त्या अशा वेळी कोणालाही झोन देत असत, म्हणून झोनची प्रत घेऊन उत्तरे देणारा दुय्यम सर्व्हर सुरळीत चालला होता. एनएसडीत त्यासाठीची प्रोव्हाइड-एक्सएफआर ही ओळ लिहिल्याशिवाय झोन कोणालाही मिळत नाही, आणि नोटिफायची ओळ नसेल तर बदलाची सूचनाही जात नाही. दुय्यम सर्व्हर जुन्याच नोंदींवर उत्तरे देत राहिला, त्यामुळे आठवडाभर कोणाच्या काही लक्षात आले नाही. एसओए या झोनच्या मुख्य नोंदीतील एक्स्पायर, म्हणजे ताजी न झालेली प्रत वापरण्याची मुदत, ६०४८०० सेकंदांचे, म्हणजे सात दिवसांचे होते. ते संपताच त्याने उत्तरे देणे थांबवले आणि काही ग्राहकांचे मेल परत जाऊ लागले.

एनएसडी फक्त स्वतःच्या झोनची उत्तरे देतो. कार्यालयातील संगणक याच सर्व्हरला बाहेरची नावे विचारत असतील तर त्यांच्यासाठी बाहेरची नावे शोधून देणारा अनबाउंड हा प्रोग्राम वेगळा चालवावा लागेल. व्ह्यूची, म्हणजे विचारणाऱ्यानुसार वेगळी उत्तरे देण्याची, सोय एनएसडीत नाही आणि तो झोनवर डीएनएसएसईसीची (नोंदी खऱ्या असल्याची खात्री देणारी) सहीही करत नाही.

नवे कॉन्फिगरेशन एनएसडी-चेककॉन्फने तपासून, एनएसडी दुसऱ्या पोर्टवर चालवून, प्रत्येक नोंद डिग या आज्ञेने दोन्हीकडे विचारून उत्तरे ताडून पाहावीत. मगच नेम सर्व्हरचा नेहमीचा पोर्ट ५३ बाइंडकडून काढून एनएसडीला द्यावा. त्यानंतर एका झोनचा सिरियल, म्हणजे आवृत्तीचा क्रमांक, एकाने वाढवावा आणि दुय्यम सर्व्हरवर तोच आकडा दिसेपर्यंत बाइंड काढून टाकू नये.