एमसीबी पडतो म्हणून मोठा बसवू नका

मे महिना लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा गठ्ठा दुप्पट होतो आणि त्यातली निम्मी पत्रं एसीच्या तक्रारींची असतात. या वेळी चार पत्रं निवडली आहेत. चारही घराबाहेरच्या जागांची आहेत. अशा जागांत माणसांची ये-जा भरपूर असते, पण मीटरच्या कपाटाकडे बघायला कुणालाच सवड नसते. दुकानं, मंगल कार्यालयं, दवाखाने यांची वायरिंग आखण्याचं आणि तपासण्याचं काम मी गेली सव्वीस वर्षं करते. वडील सूतगिरणीत वायरमन होते. पहिला टेस्टर त्यांनीच हातात दिला.

ताई, आमचं तळमजल्यावर साड्यांचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी फॉल्स सीलिंग केलं, दीड टनाचे दोन एसी लावले. मागच्या उन्हाळ्यात रोज दुपारी एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडायचा, म्हणून वायरमनने २० अँपिअरचा काढून ३२ चा बसवला. तेव्हापासून पडत नाही. पण संध्याकाळी गर्दीच्या वेळी काउंटरच्या वर मासळीसारखा वास येतो. एसीवाला म्हणतो गॅसचा, वायरमन म्हणतो पीओपीचा. नक्की कशाचा?
— साडी दुकानदार, सांगली जिल्हा

हे पत्र वाचल्यावर अंक छापून येईपर्यंत थांबणं मला पटेना. पत्राखाली फोन नंबर होता, त्याच दुपारी फोन केला आणि आधी ते सर्किट बंद करायला लावलं. बोर्ड, सॉकेट, होल्डर यांचं प्लॅस्टिक तापून करपू लागलं की मासळीसारखा वास येतो. तो पीओपीचा नसतो.

फोनवर बाकीची माहिती मिळाली. दोन्ही एसी एकाच सर्किटवर आहेत. वायर अडीच चौरस मिलिमीटरची आहे. साड्यांना स्टीम इस्त्री करायचं सॉकेटही त्याच लाइनवर आहे. शिवाय दिव्यांच्या तीन सर्किटच्या वायरी त्याच पाइपातून गेल्या आहेत. आता हिशेब करू. भर उन्हाळ्यात एक एसी ८-९ अँपिअर घेतो, म्हणजे दोघांचे १८ धरा. दीड हजार वॉटची इस्त्री साडेसहा अँपिअर. बेरीज २५ च्या आसपास. अडीचची पीव्हीसी वायर एकटी पाइपात असेल आणि हवा ३० अंशांची असेल तर कोष्टकानुसार २४ अँपिअर झेपतात. तुमच्या सीलिंगच्या वर मे महिन्यात ४५ अंश सहज असतात, म्हणून त्या चोवीसचे १९ झाले. एका पाइपात चार सर्किटं एकमेकांना तापवतात, म्हणून १९ चे १२ झाले. १२ झेपणाऱ्या वायरीवर २५ चा भार रोज संध्याकाळी चालू होता.

म्हणजे मूळचा २० चा एमसीबीसुद्धा या वायरीला मोठाच होता, तरी तो बिचारा पडून सांगत तरी होता. ३२ च्या एमसीबीने तेही बंद केलं. एमसीबीवर ३२ लिहिलंय म्हणजे ३३ अँपिअर झाले की तो पडेल, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. तो तेरा टक्के जास्त, म्हणजे ३६ अँपिअरपर्यंत तासभर पडायचाच नाही, आणि तासाभराच्या आत हमखास पडण्यासाठी ४६ अँपिअर लागतात. तुमचे २५ त्याच्या गावीही नाहीत. एमसीबी बसवायचा तो वायरीच्या रक्षणासाठी. एसीसाठी नव्हे, दुकानदाराच्या सोयीसाठी तर मुळीच नाही. वायर न बदलता एमसीबी वाढवणं म्हणजे ताप आलेल्या मुलाचा थर्मामीटर काढून घेणं. माझ्या मते हा या व्यवसायातला सगळ्यात मोठा अपराध आहे. तो रोज होतो आणि ‘गिऱ्हाइकाची कटकट मिटवली’ म्हणून होतो.

चार दिवसांनी यांनी सीलिंग उघडून घेतलं आणि मला फोटो पाठवला. काउंटरच्या बरोबर वर वायरीला जोड दिलेला होता. दोन वायरी पिळून त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, कनेक्टर नाही, जंक्शन बॉक्स नाही. पट्टी वितळून काचेसारखी चकाकत होती. दोन्ही बाजूंना वीतभर वायरीचं लाल प्लॅस्टिक करपलेल्या पापडासारखं फुगून तडकलं होतं. शेजारी, बोटभर अंतरावर, सीलिंगच्या प्लायवूडवर तपकिरी डाग.

असा ढिला जोड इतका का तापतो? जोडाचा अडथळा फक्त ०.१ ओहम धरा. त्यातून २५ अँपिअर गेले की २५ गुणिले २५ गुणिले ०.१, म्हणजे ६२ वॉट उष्णता. पूर्वीचा साठचा पिवळा बल्ब आठवतोय? त्याला हात लावता येत नसे. तेवढी उष्णता एका गाठीत, पट्टीत गुंडाळून, लाकडाला चिकटवून ठेवली होती. आणि एमसीबीला यातलं काही कळत नाही, कारण त्याच्या दृष्टीने करंट २५ च आहे. आग लागली की ‘शॉर्ट सर्किट’ असं छापून येतं. माझ्या अनुभवात शॉर्ट शेवटी होतो. त्याआधी कित्येक महिने एखादा जोड नाहीतर स्क्रू तापत असतो आणि वास देत असतो.

आता काम असं करून घ्या. प्रत्येक एसीला डीबीपासून, म्हणजे एमसीबींच्या मुख्य पेटीपासून, स्वतंत्र सर्किट, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ चा सी-कर्व्ह (एसी सुरू होतानाचा क्षणभराचा जास्त करंट सोसणारा) एमसीबी आणि दिव्यांच्या वायरींपासून वेगळा पाइप. इस्त्रीला तिसरं सर्किट. सीलिंगच्या आत जोड नकोतच. अगदी टाळता येत नसेल तर बंद बॉक्समध्ये, टर्मिनल कनेक्टरवर, आणि वर हात पोचेल अशी झडप ठेवून. वायर कमी धूर करणारी, एफआरएलएस, घ्या. कापडाच्या दुकानात धूर आगीच्या आधी माणसाला गाठतो. आणि एसी लावल्यावर महावितरणकडे मंजूर भार वाढवून घेतला होता का, तेही बघा.

आमचा दहावी-बारावीचा क्लास व्यापारी संकुलात तिसऱ्या मजल्यावर आहे. जागा भाड्याची. सगळ्या दुकानांचे मीटर जिन्याखाली आहेत, तिथेच खोकी आणि दुचाकी ठेवतात. मालक म्हणतात, तुमच्या गाळ्यापुरतं बघा. माझी जबाबदारी कुठपर्यंत?
— क्लासचालक, पुणे जिल्हा

जबाबदारी मुलं जिथपर्यंत चालत जातात तिथपर्यंत, असं माझं मन सांगतं. कायदाही फार वेगळं सांगत नाही. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ मालकाबरोबर भोगवटादारालाही धरतो. आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत आहे असं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र, ज्याला ‘बी’ नमुना म्हणतात, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. संकुलाने शेवटचं कधी दिलं, ते लेखी विचारा. इमारत १५ मीटरपेक्षा उंच असेल तर वीज चालू करण्याआधी विद्युत निरीक्षकाची तपासणी झालेली असायला हवी. त्याचीही प्रत मागा.

२४ मे २०१९ रोजी सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये २२ जणांचा जीव गेला. बहुतेक वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली मुलं. उतरायचा जिनाच आगीत सापडला आणि मुलांनी वरून उड्या मारल्या. जिन्याखाली मीटर आणि मीटरसमोर खोकी हे दृश्य दिसलं की मला ती मुलं आठवतात. जिना म्हणजे धुराला धुरांडं.

नियम साधा आहे. मीटर-पॅनलसमोर किमान १ मीटर जागा मोकळी हवी. पॅनलच्या मागची जागा एकतर २० सेंटिमीटरपेक्षा कमी, नाहीतर ७५ पेक्षा जास्त. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे फार विचार आहे. मागे माणूस शिरूच नये, किंवा शिरला तर नीट उभा राहून बाहेर येऊ शकावा. मधल्या जागेत अडकलेल्या वायरमनला शॉक बसला तर त्याला ओढून काढताही येत नाही.

उद्या एवढं करा. खोक्यांचा फोटो काढा, तारखेसह सोसायटीला आणि मालकांना पत्र द्या, पोच घ्या. केबल वर नेणाऱ्या डक्टमध्ये प्रत्येक मजल्यावरची भोकं आग रोखणाऱ्या पदार्थाने बुजवली आहेत का, ते टॉर्च मारून बघा. बहुतेक ठिकाणी ती उघडीच असतात. मीटरजवळ कार्बन डायऑक्साइडचा किंवा कोरड्या पावडरचा अग्निशामक हवा, पाण्याची बादली नको. मुख्य स्विच कुठे आहे हे शिपायाला, तुम्हाला आणि निदान दोन शिक्षकांना अंधारातही सापडलं पाहिजे. एका रविवारी डोळे मिटून तिथपर्यंत चालून बघा. पत्रांना उत्तर आलं नाही तर विद्युत निरीक्षकांचं कार्यालय आणि अग्निशमन दल, दोघांना लिहा. भाडेकरू आहात म्हणून कचरू नका.

दवाखान्यात कॉम्प्युटरच्या लोखंडी बॉडीला हात लागला की झिणझिण्या येतात. दर उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-पाणी घालतो. पूर्वी आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा स्विच) होता, पण तो सारखा पडायचा म्हणून काढून टाकला.
— दंतवैद्य, कोल्हापूर

डॉक्टर, खड्ड्याआधी सॉकेट बघा. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. तिसरी पिन अर्थला पोचत नसेल तर बॉडीवर साधारण ११५ व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी थोडा, म्हणून फक्त झिणझिण्या. तुमच्या तिसऱ्या पिनेची हिरवी वायर कुठेतरी तुटली आहे किंवा जोडलीच नाही. आज झिणझिण्या येतात, पण उद्या आत काही बिघडलं तर तीच बॉडी पूर्ण २३० व्होल्टवर असेल, आणि तुमचा पेशंट ओल्या तोंडाने खुर्चीत असेल.

मीठ-पाणी घाला, पण त्यावर विसंबू नका. समजा खड्ड्याचा अडथळा ५ ओहम आहे. फेज बॉडीला लागला तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर जमिनीत जातील. ३२ चा एमसीबी एवढ्याला तासभरही रेंगाळू शकतो. आरसीसीबीला ३० मिलिअँपिअर पुरतात आणि तो एका सेकंदाच्या आत तोडतो. चांगलं अर्थिंग आणि आरसीसीबी, दोन्ही हवेत.

तुमचा आरसीसीबी ‘सारखा पडायचा’ त्याचं कारण मी न बघताही बऱ्यापैकी सांगू शकते: कुणीतरी एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला जोडला असणार, किंवा न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलाय. मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) असलेला माणूस बोलवा, सर्किट एकेक सुटं करून तपासून घ्या आणि आरसीसीबी परत बसवा. नंतर त्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबत जा.

ताई, मी आयटीआय करून एका ठेकेदाराकडे वर्षभर आहे. मॉलच्या पॅनलचं काम चालू आहे. जाड केबलच्या लगसाठी क्रिंपिंग टूल मागितलं तर ठेकेदार म्हणतो, हातोडीने ठोक, आम्ही वीस वर्षं तेच केलंय. मी ठोकू का?
— वायरमन, वय २१, मराठवाडा

नको. वयाने मुलासारखा आहेस, म्हणून तू म्हणते. बाकी वाचकांसाठी: लग म्हणजे केबलच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, आणि क्रिंपिंग म्हणजे ती साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबून घट्ट बसवणं.

१३ जून १९९७. दिल्लीतलं उपहार चित्रपटगृह. तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला सकाळी आग लागली होती, ती विझवून वीज मंडळाच्या कर्मचाऱ्यांनी दुरुस्ती केली. केबलच्या टोकाला सॉकेट, म्हणजे लगच, बसवायला क्रिंपिंग मशीन नव्हतं. डाय आणि हातोडी वापरून ठोकलं. दुपारी खेळ चालू असताना तो जोड तापला, ठिणग्या उडाल्या, केबल सुटून ट्रान्सफॉर्मरच्या रेडिएटरवर पडली, भोक पडलं, तेल वाहिलं आणि पेटलं. पार्किंगमधल्या गाड्या पेटल्या, धूर बाल्कनीत भरला. ५९ माणसं गेली, बहुतेक गुदमरून. सगळ्याच्या मुळाशी एक लग होता, तुझ्या हातात आज आहे तसा. हे ठेकेदारांना शांतपणे, सगळ्यांसमोर नव्हे, एकटे असताना सांग.

हातोडीने लग चपटा होतो, पण आत तारांच्या मध्ये पोकळी राहते. लोड आला की तांबं तापतं, प्रसरण पावतं, रात्री थंड होऊन आकसतं, आणि पोकळी वाढत जाते. मागच्या वर्षी एका मंगल कार्यालयाच्या पॅनलवर मी थर्मल कॅमेरा धरला होता. बाकी सगळी टर्मिनलं चाळीस अंशांच्या आसपास आणि वाय फेजचा एक लग ९६ वर. वीज बंद करून, लोटो लावून (म्हणजे स्विचला कुलूप आणि सूचनेची पाटी लावून) पाना धरला तर बोल्ट पक्का होता. ढिला होता तो लग, ठोकलेला. हाताने ओढला तर वायर निसटून बाहेर आली. संध्याकाळी तिथे लग्न होतं.

हायड्रॉलिक टूल भाड्याने मिळतं. दोन-तीन वायरमन मिळून घेतलंत तरी परवडेल. वायरीच्या मापाचाच डाय लाव, षटकोनी ठसा पूर्ण उमटला पाहिजे. लगमध्ये तारा शेवटपर्यंत गेल्या की नाही ते बघायच्या भोकातून तांबं दिसलं पाहिजे. एकही तार कापून टाकू नकोस, लग मोठ्या मापाचा आण. बोल्ट टॉर्क रेंचने आवळ, पॅनल बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यावर. आणि आवळून झाला की पेंट मार्करने बोल्टच्या डोक्यावरून बसबारवर (पॅनलमधल्या धातूच्या जाड पट्टीवर) एक सरळ रेघ ओढ. सहा महिन्यांनी पॅनल उघडशील तेव्हा ती रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरलाय. जुळलेली दिसली तर पुढच्याकडे जा.