मुंबई ते ऑकलंड : नाशिकच्या दारापासून

पत्नी आणि मुलासह ऑकलंडला स्थायिक होण्याच्या विचारात असताना, मुंबईहून तेथवरचे हवाई अंतर किती आणि प्रवासाला किती वेळ लागतो, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसाचे नियम तुम्हाला सरकारी संकेतस्थळावर मिळतील. मी २०१४ साली नाशिक सोडले, तेव्हापासून हे अंतर मी कसे मोजत आले, तेवढेच लिहिते.

सरळ हवाई अंतर सुमारे १२,३०० किलोमीटर आहे, पण थेट विमान नाही. सिंगापूरमार्गे गेल्यास पहिला टप्पा साधारण साडेपाच तासांचा आणि दुसरा दहा तासांचा असतो; परतताना पश्चिमेकडून येणारे वारे समोरून लागतात, त्यामुळे ऑकलंड ते सिंगापूर हा टप्पा थोडा लांबतो. तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात, म्हणून वजाबाकी करताना साडेसहा तासांचा, आणि तिकडच्या उन्हाळ्यात साडेसात तासांचा, फरक धरावा. त्यात नाशिक ते मुंबई चार तास (समृद्धी महामार्गामुळे कसारा घाट आता टळतो), विमानतळावरचे तीन तास आणि मधला थांबा मिळवला, तर घराच्या दारापासून दारापर्यंत सव्वा दिवस सहज जातो. दोन्ही टप्प्यांचे तिकीट मात्र एकत्रच काढा, म्हणजे पहिले विमान उशिरा आल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी तुमच्यावर पडत नाही.

मुलाच्या शाळेचा विचारही याच हिशेबात करा. तेथील शैक्षणिक वर्ष जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत सुरू होते आणि मोठी सुटी डिसेंबर-जानेवारीत, नेमकी तिकिटे सर्वांत महाग असताना येते. माझ्या मुलीच्या शाळेने दिवाळीसाठी आठ दिवसांची रजा नाकारली होती. ती तिच्या आजीची शेवटची दिवाळी ठरली, आणि रजा न विचारता मी मुलीला घेऊन का गेले नाही, हे मला आजही सलते.

एकटेपणाविषयी तुम्ही विचारले आहे. तो असतो आणि त्याची सवय होते.

२०१९ मध्ये आई गेली, तेव्हा माझा पासपोर्ट नूतनीकरणासाठी एका कार्यालयात अडकला होता. रोज फोन केला, कागदपत्रे पुन्हा पाठवली, रडलेही. पासपोर्ट चौदाव्या दिवशी हाती आला. अस्थी विसर्जनासाठी दूरदूरची माणसे आपल्या रामकुंडावर येतात, आणि पंचवटीत वाढलेली मी आईच्या दहाव्याला तेथे नव्हते; सारे विधी धाकट्या भावाने केले.

म्हणून तुम्हा तिघांच्याही पासपोर्टांची मुदत आजच पाहा, आणि ती थोडीच उरली असेल तर नूतनीकरण नाशिकला असतानाच उरकून घ्या. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत. कोणत्याही कामासाठी पासपोर्ट हातातून सोडण्याआधी मी भावाला फोन करून त्यांची प्रकृती विचारते.