वाचकांचे प्रश्न : सिंथेटिक तेल सांडलं तर?

प्रश्न : आमच्या सबस्टेशनला मिनरल ऑइलचा (पेट्रोलियमपासूनचं नेहमीचं तेल) ट्रान्सफॉर्मर काढून सिंथेटिक एस्टरचा (रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं तेल) बसवलाय. सप्लायर म्हणतो हे तेल पेटत नाही, जमिनीत आपोआप विघटन होतं, तेव्हा पिट (गळलेलं तेल साठवणारा खड्डा) आणि सेपरेटरला (पाण्यातून तेल वेगळं करणारी टाकी) हात लावायची गरज नाही, जुनंच चालेल. खरंच चालेल का?

उत्तर : तपासल्याशिवाय अजिबात चालवू नका. आगीचं म्हणाल तर एस्टरचा फायर पॉइंट (ज्या तापमानाला तेल पेटून जळत राहतं तो) ३०० अंश सेल्सिअसच्या वर आणि मिनरल ऑइलचा साधारण १७०, त्यामुळे तो धोका बराच कमी होतो, हे मान्य. पण विघटन होतं म्हणजे सांडलं की गायब झालं असं नाही ना, लॅबमधली टेस्टच मुळी २८ दिवसांची असते, आणि नाल्यातून तळ्यात गेलं तर तेल खाणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरतात.

खरी गोम सेपरेटरमध्ये आहे आणि तिकडे कुणी बघतच नाही. सेपरेटर चालतो तो तेल पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणून. मिनरल ऑइलची घनता ०.८८ च्या आसपास, एस्टरची ०.९७, पाण्याची १. म्हणजे फरक ०.१२ चा होता तो आता ०.०३ वर आला, त्यामुळे तेवढ्याच आकाराचा थेंब वर यायला चौपट वेळ घेणार, आणि जोरात पाऊस चालू असेल तर तो वर यायच्या आधीच पाण्याबरोबर बाहेर पडणार. दोन काचेच्या बाटल्या घ्या, दोन्हीत पाणी, एकीत जुनं तेल, दुसरीत नवीन, सारख्या हलवा आणि शेजारी ठेवा. एस्टरचे बारीक थेंब किती वेळ लटकून राहतात ते स्वतः बघा आणि साहेबांनाही दाखवा, मग फाइल हलेल.

तेल लागलं की घट्ट होऊन वाट बंद करणारे पॉलिमरचे फिल्टर असतील तर तेही तपासा, त्यातले बरेच मिनरल ऑइल डोळ्यासमोर ठेवून बनवलेले असतात, तुमच्याच तेलावर टेस्ट करून दाखवा म्हणून स्पष्ट मागणी करा. पाणी उपसणाऱ्या पंपाला तेल ओळखणारा सेन्सर असेल तर त्याचंही तेच.

पिटचा हिशोब करताना त्यात भरलेली खडी विसरू नका, खडीत मोकळी जागा ४० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे १०० लिटरच्या पिटमध्ये तेल मावणार ४० लिटर, आणि गाळ साचला की तेही नाही. सर्वात मोठ्या टाकीचं पूर्ण तेल अधिक पावसाचं पाणी एवढी जागा हवीच. ड्रेन व्हॉल्व्ह एरवी बंदच ठेवा, पाणी बघून मगच सोडा. आणि सांडलेलं तेल साबणाच्या पाण्याने धुऊ नका प्लीज, त्याने तेल पाण्यात मिसळून जातं आणि मग कुठलाच सेपरेटर ते पकडत नाही, शोषक पॅडने उचला.

प्रश्न : आमच्याकडच्या एका जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर अस्कारेल लिहिलंय. तेही सिंथेटिकच ना?

उत्तर : हो, पण ते पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, विषारी रसायन) आहे, प्रकरण पूर्ण वेगळं. पाण्यापेक्षा जड, तळाशी बसतं, तेल अडवायला पाण्यावर तरंगणारे पट्टे (बूम) लावून काही उपयोग नाही. २००१ च्या स्टॉकहोम करारात अशा उपकरणांचा वापर थांबवायला २०२५ ची मुदत होती. गळती दिसली तर लोकांना लांब ठेवा, ड्रेन बंद करा, हाताने पुसायला जाऊ नका आणि घातक कचरा हाताळणाऱ्या अधिकृत लोकांनाच बोलवा. दुसऱ्या तेलाच्या ड्रममध्ये ते चुकूनही ओतू नका, थोडंसं मिसळलं तरी अख्खा ड्रम घातक कचऱ्यात जाऊ शकतो.