नववीत शाळा सुटली, आता पुढे काय?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही सातारा जिल्ह्यातले. माझा मुलगा पंधरा पूर्ण आहे, नववीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत गेलाच नाही. आधी पोट दुखतंय म्हणायचा, मग डोकं, आता सरळ सांगतो की मी जाणार नाही. दिवसभर ट्रॅक्टरच्या गॅरेजवर असतो. समजावून झालं, मारून झालं, मामाला बोलावून झालं. शाळेतून निरोप आलाय की परीक्षेच्या आधी दाखला घेऊन जा. मिस्टर म्हणतात राहू दे गॅरेजवर, चार पैसे तरी आणेल. मला रात्र रात्र झोप नाही. आठवीपर्यंत पास होत होता, मग अचानक काय झालं? अशा मुलांसाठी वेगळी शाळा असते का?
– एक आई

उत्तर : ताई, पहिली गोष्ट, दाखल्यावर सही करू नका. निदान या महिन्यात तरी नको. रागाच्या भरात दाखला काढला की तो घरात कपाटात पडून राहतो आणि पोरगं कुठल्याच हजेरीपटावर राहत नाही, आणि एकदा असं झालं की त्याची चौकशी करणारं कुणी उरत नाही. मोफत सक्तीच्या शिक्षणाचा कायदा चौदा वर्षांपर्यंतच आहे, तुमचा मुलगा त्याच्या बाहेर गेलाय, म्हणून तर जास्त जपायचं.

आता अचानक काय झालं म्हणता. अचानक काही झालेलं नसतं हो. कित्येक वर्षं आपल्याकडे आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवतच नव्हते, आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आलीय, तरी पोरगं वर सरकत जातं, पण सहावीत अपूर्णांक सुटलेला असतो, सातवीत ऋण संख्या सुटलेल्या असतात आणि नववीत बीजगणिताचं पुस्तक उघडलं की त्याला एक ओळ कळत नाही. रोज सहा तास न कळणाऱ्या भाषेत बसून बघा, आपलंही पोट दुखेल. मी मुंबईच्या रात्रशाळेत बावीस वर्षं गणित शिकवलं, आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं नेमकी इथेच गळालेली असायची. आळशी म्हणावं असं एक पोर मला आठवत नाही.

एकाचं सांगते. छापखान्यात कागद कापायला होता, दिवसभर उभं राहून यायचा, पहिल्या तासाला डोकं बाकावर. क्षेत्रफळाचा धडा म्हटला की वही बंद. एकदा मी फळ्यावर 18 बाय 23 इंचाचा कागद काढला आणि विचारलं, यातून साडेतीन बाय दोनची व्हिजिटिंग कार्डं किती निघतील? मी माझ्या पद्धतीने आखून 54 काढली. तो बाकावरूनच म्हणाला, बाई कार्ड फिरवून लावा, 55 निघतात. उठून आला, खडू घेतला, एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला अकरा आखून दाखवली. बरोबर होतं त्याचं! त्या दिवशी वर्गाने त्याच्याकडे जसं बघितलं ते मी विसरणार नाही, त्यानंतर तो पहिल्या तासाला झोपला नाही. दहावीला दोनदा बसावं लागलं त्याला, पण सुटला.

हे एवढ्यासाठी सांगितलं की गॅरेजचा राग करू नका. उलट संध्याकाळी तिथे जा, मिस्त्रीला विचारा पोरगं काय काय करतं, आणि ते त्याच्यासमोर विचारा. घरी मात्र ‘शाळेत का जात नाहीस’ हा प्रश्न काही दिवस बंद ठेवा, त्याचं उत्तर त्याच्याकडे नसतं. त्यापेक्षा शेवटच्या दिवसाबद्दल विचारा, त्या दिवशी कुठला तास होता, बाजूला कोण बसलं होतं. बरेचदा एखादा अपमान निघतो, सगळ्या वर्गासमोर वाचायला उभं केलं, असलं काहीतरी. वाचताना अडखळत असेल, अक्षरं उलटसुलट होत असतील तर सरकारी हॉस्पिटलमध्ये अध्ययन अक्षमतेची तपासणी कुठे होते ते विचारा. सर्टिफिकेट मिळालं तर बोर्ड जास्तीचा वेळ वगैरे सवलती देतं, आणि त्याहून मोठं म्हणजे आपण मठ्ठ नाही हे पोराला कागदावर दिसतं.

आता वेगळ्या शाळेचं. तुमच्या मुलाचं ऐकल्यावर मला पहिलं पाबळ आठवलं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली सुरू केला. स्वतः अमेरिकेत पीएचडी केलेला, मोठ्या कंपनीत संशोधन केलेला माणूस दुष्काळी गावात येऊन राहिला, आणि शाळेने सोडून दिलेल्या मुलांना हाताने काम करत शिकवायला लागला. तिथे ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी कोर्स आहे, वेल्डिंग-फॅब्रिकेशन, वीज आणि ऊर्जा, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया असं सगळं फिरून करावं लागतं आणि नुसतं करायचं नाही, मोजायचं, खर्च काढायचा, लिहून ठेवायचं. गणित तिथे मागच्या दाराने येतं. दहावी पास असण्याची अट नाही. फोन करून आधी दिवस विचारून घ्या आणि गेलात की त्याला एकट्यालाच वर्कशॉपमध्ये फिरू द्या, तुम्ही बाहेर बसा.

दहावीचं काय, तर दोन रस्ते आहेत. एक 17 नंबरचा फॉर्म, म्हणजे राज्य बोर्डाची तीच परीक्षा पण बाहेरून, खाजगी विद्यार्थी म्हणून. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तेव्हा दाखला काढायचाच तर तो त्या वेळी, रस्ता ठरल्यावर. पण खरं सांगू, जो पोरगा वर्गात बसून अडला त्याला एकट्याने तेच पुस्तक देऊन बाहेरून बसवणं मला पटत नाही, सोबत रोज शिकवणारं कुणी असेल तरच.

दुसरा रस्ता एनआयओएस, केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय. चौदा पूर्ण झाले की दहावीला नाव घालता येतं, मराठी माध्यम आहे, पाच विषय घ्यायचे, वर्षातून दोनदा परीक्षा, आणि एकदम सगळे विषय द्यायची सक्ती नाही, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. एक विषय पास झाला की तो सुटला. पोराला पहिल्या विषयाचा पासचा निकाल हातात मिळू दे, मग बघा. गणित सोडूनही दहावी होते तिथे, पण तुम्ही ते सोडू देऊ नका, पुढे डिप्लोमा किंवा आयटीआयच्या काही ट्रेडला अडेल, गॅरेजच्या पोराला तर नक्कीच. हवं तर शेवटी ठेवा.

आणि मिस्टरांना सांगा की पोराला कामावरून काढा असं कुणी म्हणत नाहीये. अर्धा दिवस गॅरेज आणि दोन तास अभ्यास, एवढ्यावर तोही तयार होईल असं मला वाटतं. मात्र त्या दोन तासांना घरातलं एक माणूस बाजूला बसलेलं पाहिजे, मोबाईल न घेता.

प्रश्न : मी 19 वर्षांची, मुंबईत दिवसभर घरकाम करते. आठवीत शाळा सोडली. आता रात्रशाळेत घेतील का, का हसतील?
– एक वाचक

उत्तर : घेतील ग. हसणार कोण, तिथे सगळेच दिवसभर राबून आलेले असतात. माझ्या वर्गात तुझ्याहून मोठ्या, लेकराला शेजारी ठेवून येणाऱ्या बायका होत्या. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हापासूनची ही वाट आहे. मासूम नावाची संस्था 2008 पासून मुंबईच्या रात्रशाळांबरोबर काम करते, खाणं, पुस्तकं, प्रयोगशाळा यासाठी मदत करते, त्यांच्याकडे विचारलंस तर तुझ्या जवळची शाळा कळेल. फक्त एक लक्षात ठेव, रात्रशाळा बहुतेक दुसऱ्याच दिवसशाळेच्या इमारतीत भरते, दुपारी जाऊन ऑफिसात विचारलंस तर इथे अशी शाळा नाही म्हणून सांगतील आणि तू परत फिरशील. साडेसहा-सातला जा, मुख्याध्यापक तेव्हा भेटतात. जुना दाखला नसला तरी जा, आधीच्या शाळेचं नाव आणि सोडल्याचं साल सांगितलंस की दाखला कसा मिळवायचा ते तेच सांगतील.