फवारणीचं औषध नसांना कसं लागतं?

प्रश्न : कपाशीवर औषध मारताना माझ्या भावाला विषबाधा झाली. तोंडातून लाळ, घामाने ओलाचिंब, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि दंडाचं मांस आपोआप फडफडत होतं. डॉक्टर म्हणाले मोनोक्रोटोफॉसमुळे नसांवर परिणाम झालाय. पण नसांमधे तर करंट असतो ना, मग औषधाचा काय संबंध? आता बरा आहे, परत पंप पाठीवर घ्यायचा म्हणतोय.
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, भाऊ बरा आहे हे वाचून आधी जिवात जीव आला. २०१७ साली तुमच्याच जिल्ह्यात फवारणीने किती घरं उघडी पडली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

करंट असतो हे बरोबर, फक्त तो वायरीतल्यासारखा नसतो, नसेच्या आवरणातून सोडियम आत घुसतं, मग पोटॅशियम बाहेर येतं आणि ही लाट पुढे पुढे सरकत जाते. पण नस स्नायूला भेटते तिथे मधे एक फट असते, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही लहान, आणि करंट तिथेच थांबतो. मग नसेच्या टोकातल्या बारीक पिशव्या उघडतात, ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन फटीत पडतं आणि पलीकडचा स्नायू आखडतो. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने १९२१ मधे बेडकाच्या हृदयाची नस करंटने चेतवली, ठोके मंदावले, मग त्या हृदयातला द्रव दुसऱ्या हृदयाला दिला तर तेही मंदावलं, आणि त्याला तर करंट लावलाच नव्हता!

आता तुमच्या भावाचं. निरोप पोचला की ते रसायन लगेच साफ व्हावं लागतं, त्यासाठी फटीत एक एन्झाइम असतं, ते काही मिलिसेकंदात काम उरकतं. मोनोक्रोटोफॉस नेमकं त्यालाच चिकटून बसतं. किड्यातही तेच करतं आणि माणसातही, कातडीतून सुद्धा आत जातं. मग रसायन साचत राहतं, दंड फडफडतो, लाळ थांबत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. ॲट्रोपिनचं इंजेक्शन देतात ते लाळ आणि छातीतला चिकट स्राव आवरायला, फडफड त्याने थांबत नाही.

हे एन्झाइम भरून यायला कित्येक आठवडे लागतात. रक्त तपासून ते किती आहे हे कळतं, तेव्हा डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्याला पंपाला हात लावू देऊ नका, हात जोडून सांगतो.