सुपरमार्केटमधला एआय पाचवीतल्या मुलीला कसा समजावून सांगू?

तुम्ही लिहिलंय की मुलगी पाचवीत आहे आणि सोलापुरात विजापूर रोडवरच्या सुपरमार्केटमध्ये बिल करताना जे 'टूं' वाजतं, तोच एआय असं तिला वाटतं. मग सुरुवात तिथूनच करा, कारण तो एआय नाही.

बारकोड म्हणजे नुसता नंबर. दुकानाच्या काउंटरवर पहिला बारकोड वाचला गेला २६ जून १९७४ ला, अमेरिकेतल्या ट्रॉय गावात, च्युइंगमच्या पाकिटावरचा. आजही काम तेच आहे: रेघा वाचायच्या, नंबर काढायचा, यादीतून नाव आणि दर शोधायचा. यात अंदाज कुठेच नाही. (घरातल्या बिस्किटाच्या पुड्यावर ८९० ने सुरू होणारा नंबर तिला शोधायला लावा. कंपनीने तो भारतात नोंदवून घेतलाय एवढाच त्याचा अर्थ. माल इथेच बनला असं त्यावरून ठरत नाही.) पण प्रत्येक 'टूं'सरशी एक ओळ साठते: कोणती वस्तू, किती नग, कोणता दिवस, किती वाजता. या ओळींवरून उद्याचा अंदाज बांधायला घेतला की एआय सुरू झाला.

पेठेतला जुना दुकानदार हे डोक्यातच करतो. "परवा एकादशी, साबुदाणा जास्त टाका," असं तो पोऱ्याला सांगतो. सुपरमार्केटमध्ये हजारो वस्तू असतात, म्हणून तिथे प्रोग्राम लागतो. त्याची सगळ्यात साधी रीत मुलीला कागदावर करून दाखवा. समजा प्रोग्राम म्हणाला, आज पावाच्या ४० लाद्या खपतील. खपल्या ५२. चूक १२ ची. या चुकीचे दहा भाग करायचे आणि त्यातले तीन जुन्या अंदाजात मिळवायचे. १२ चे तीन दशांश ३.६, म्हणून उद्याचा अंदाज साधारण ४४. ती लगेच विचारेल, सरळ ५२ का नाही? कारण आज कुणीतरी घरच्या कार्यक्रमाला एकदम बारा लाद्या नेल्या असतील. एका दिवसावर उडी मारणारा प्रोग्राम रोज कोलांट्या खातो. खऱ्या दुकानातले प्रोग्राम याहून बरेच गुंतागुंतीचे असतात, पण अंदाज, चूक, दुरुस्ती हा गाभा तोच.

आता त्याला आणखी रकाने द्यायचे. वार. तापमान: एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की ताक आणि आइस्क्रीमचा उठाव वाढतो. आणि सण. इथे सोलापूरचं उदाहरण फार छान बसतं. गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, संक्रांतीला असते आणि संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीलाच येते. त्यामुळे तीळ-गूळ कधी वाढवायचा हे प्रोग्राम दोन-तीन वर्षांत शिकतो. आषाढी एकादशी मात्र २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला, २०२५ मध्ये ६ जुलैला. ज्या प्रोग्रामला फक्त इंग्रजी तारखा दिल्यात, तो २०२४ वरून शिकून २०२५ मध्ये साबुदाणा, भगर आणि राजगिऱ्याचा ढीग ११ दिवस उशिरा लावेल. उपाय एवढाच की 'एकादशीला किती दिवस उरले' असा एक रकाना द्यायचा. पंचांग मशीनला आपोआप कळत नाही, ते कुणीतरी भरावं लागतं.

सगळ्यात मोठा घोटाळा वेगळाच आहे आणि मुलांना तो पटकन कळतो. सकाळी ४४ लाद्या आल्या, दुपारी चारलाच संपल्या. नंतर वीस गिऱ्हाईकं हात हलवत परत गेली. प्रोग्रामला काय दिसलं? ४४ आणल्या, ४४ खपल्या, अंदाज बरोबर! परत गेलेल्या माणसाचं बिल होत नाही आणि ज्याचं बिल नाही ते प्रोग्रामच्या लेखी घडलंच नाही. म्हणून माल किती वाजता संपला हेही त्याला सांगावं लागतं.

त्याचाच भाऊ म्हणजे कागदावरचा माल. उंदराने शेंगदाण्याची सहा पाकिटं फोडली, पोऱ्याने ती फेकली, नोंद केली नाही. कॉम्प्युटर म्हणतो सहा शिल्लक, फळीवर शून्य. 'पाच उरली की नवी ऑर्डर टाक' असं ठरलेलं असेल तर ऑर्डर कधी जातच नाही. वर खप शून्य दिसतो, म्हणून शेंगदाण्याला उठाव नाही असं प्रोग्राम धरून चालतो. शेंगा चटणीच्या गावात! यावर औषध एकच: माणसाने फळीपाशी जाऊन मोजणं.

काही दुकानांत वजनकाट्यावर कॅमेरा असतो. हजारो फोटो दाखवून त्याला फळं-भाज्या शिकवलेल्या असतात. तो 'हे डाळिंब आहे' असं छातीठोकपणे म्हणत नाही. डाळिंब ९१, सफरचंद ६, टोमॅटो ३ असे शंभरातले गुण वाटतो आणि वरची दोन-तीन नावं पडद्यावर दाखवतो. बोट माणूसच लावतो. फोटो सगळे 'भगवा' जातीच्या लालभडक डाळिंबाचे असतील तर पिवळसर सालीच्या 'गणेश' जातीच्या डाळिंबाला तो अडखळतो. पिशवी चकाकली की गोंधळतो. मालदांडी ज्वारी कोणती आणि तिच्यासारखीच दिसणारी स्वस्त ज्वारी कोणती, यात तर मी कॅमेऱ्यापेक्षा भाकरी थापणाऱ्या बाईवर विश्वास ठेवीन.

कोणती वस्तू कशाच्या शेजारी ठेवायची, हेही बिलांवरून ठरतं. १०० बिलं घ्या. समजा २० मध्ये पोहे, ३० मध्ये शेंगदाणे. दोघांचा काही संबंध नसता तर साधारण ६ बिलांत ते एकत्र दिसले असते. दिसले १२ मध्ये, म्हणजे दुप्पट. मग दोन्ही जवळ ठेवतात, किंवा मुद्दाम लांब, म्हणजे वाटेत तुम्ही आणखी काही उचलाल. दराचं म्हणाल तर आपल्याकडे पाकिटावर छापलेल्या एमआरपीच्या वर घेता येत नाही. प्रोग्राम खेळतो तो त्याच्या खाली, उदाहरणार्थ तारीख संपत आलेल्या दह्यावर किती सूट द्यायची.

काउंटरवर मोबाईल नंबर विचारतात, कारण त्याने तुमची सगळी बिलं एका दोऱ्यात ओवली जातात. नंबर दिल्याशिवाय बिल नाही असा आग्रह दुकानांनी धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये सांगितलंय. मुलीसमोर एकदा "नंबर नको, नुसतं बिल द्या" म्हणून दाखवा.

घरी करून बघायचं असेल तर रात्रीच्या भाकऱ्या घ्या. पंधरा दिवस ती रोज उद्याचा अंदाज लिहील, खाल्लेल्या मोजेल, चुकीचे तीन दशांश मिळवेल किंवा वजा करेल. शेजारी दोन रकाने: 'पाहुणे' आणि 'उपवास'. आणि ज्या रात्री दुरडी रिकामी झाली, त्या आकड्यापुढे 'संपल्या' असा शेरा मारायला सांगा, कारण त्या रात्री भूक किती होती ते त्या आकड्यात नसतं.