इसबगोल, हळदीच्या कॅप्सूल आणि पोतं

प्रश्न : मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला आहे. वय ५४. बारा दिवसांपूर्वी उजव्या बाजूच्या हर्नियाचं ऑपरेशन झालं, जाळी बसवली. हृदयासाठी ॲस्पिरिनची गोळी रोजची आहे. मुलाने पुण्याहून हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, अश्वगंधा आणि मटाराच्या प्रोटीनची पावडर पाठवलीय. ‘सगळं वनस्पतीचं आहे, साइड इफेक्ट नाही’ म्हणतो. काय काय घेऊ? संडासला मात्र खडा होतो.
– एक वाचक, सांगली

उत्तर : पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही लाजत लाजत शेवटी लिहिलंत. त्याच्यापासूनच सुरुवात करू.

कुंथलं की पोटातला दाब वाढतो आणि तो थेट टाक्यांवर येतो. तुमच्या दुखण्याच्या गोळीत ट्रॅमाडॉल आहे का, ते पाकिटावर बघा. असेल तर खड्याचं एक कारण तेच, आणि ती बदलता येते का हे सर्जनना विचारा. मुलाने न पाठवलेलं इसबगोल मात्र घ्या. रात्री दोन चमचे, मोठा ग्लासभर पाण्यात, ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी एक ग्लास पाणी. ग्लास पाच मिनिटं तसाच ठेवून बघा, खळीसारखा गोळा होतो. माझंच हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी शहाण्याने ते अर्ध्या कपात कालवून खाल्लं नि वर चहा घेतला. तीस वर्षं पेशंटना ‘पाणी भरपूर’ सांगणारा मी दोन दिवस कमोडवर देव आठवत बसलो होतो. बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. पोट फुगून उलट्या होत असतील तर इसबगोल नको, थेट दवाखाना.

आता हळद. २०१८ साली जिच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं त्या सांगलीत, तेही अडतीवरच्या माणसाने, कुरिअरने हळद मागवावी? गंमत सोडा. आमटीतली, दुधातली हळद खुशाल खा. पण अर्काच्या एका कॅप्सूलमध्ये साधारण चार-पाच चमचे हळदीतलं कर्क्युमिन एकवटलेलं असतं, शिवाय ते अंगात जास्त शोषलं जावं म्हणून अनेकदा मिऱ्याचा अर्कही घातलेला असतो. एवढ्या कर्क्युमिनने रक्त गोठायला वेळ लागू शकतो. तुमची ॲस्पिरिन तेच काम करते. जखम ताजी आहे, डबा बंद ठेवा. ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका.

अश्वगंधाही आत्ता नको. तिने गुंगी येते, थायरॉईडच्या आणि साखरेच्या गोळ्यांशी तिचं जमत नाही, क्वचित यकृतालाही त्रास झालेला आहे. वनस्पतीचं म्हणाल तर धोतऱ्याचं बीही वनस्पतीचंच.

पावडरीला माझी हरकत नाही, मूत्रपिंडं ठीक असतील तर. जखम भरायला प्रथिनं लागतातच. पण मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम मिळतात, त्यावर मटकीची उसळ, ताक, अंडं चालत असेल तर अंडं. रोज एक आवळा किंवा पेरू. डबा आलाच आहे तर अर्धा चमचा दुधात घाला, मुलाला वाईट वाटायला नको.

जांघेत थोडं काळंनिळं दिसलं, अंडकोशावर सूज आली तर बहुधा आपोआप ओसरते. ताप, लाली, पू किंवा वाढती घट्ट गाठ असेल तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा.

आणि तुम्ही न विचारलेलं एक. मिश्री, बिडी असेल तर सोडा, खोकल्यानेही टाके ओढले जातात. निदान सहा आठवडे पोत्याला हात लावायचा नाही. हमाल नाही आला तरी नाही.